काठीने ठोकणारा लांडगा

ईप्सिताने बाथरूमचं दार आतून लावलं, नळ सोडला, आरशासमोर उभं राहून उजवा तळहात स्वतःच्या तोंडावर दाबला आणि मनात आकडे मोजायला सुरुवात केली. नाक झाकायचं की मोकळं ठेवायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. मूळ मजकुरात तसा काही खुलासा नव्हता. तिने अर्धं झाकलं. एकोणीसपर्यंत पोचली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याच वेळी बाहेरून आईने दार वाजवलं.

"ईप्सा, नळ वाहतोय नुसता. आवर, पावणेतीनची बस आहे."

ईप्सिताने हात काढला. गालावर बोटांचे फिकट ठसे उमटले होते. ते जाईपर्यंत बाहेर पडता येणार नव्हतं, म्हणून तिने दात घासले. सतरा वर्षांच्या मुलीला एकोणीस आकडे इतके जड जात असतील, तर सव्वा वर्षाच्या बाळाला किती जड जातील, असं त्रैराशिक तिने मांडून पाहिलं आणि मध्येच सोडून दिलं. गणित तिचा मुख्य विषय नव्हता. मुख्य विषय इंग्लिश होता, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला होता.

बाहेर तिची आई, शमिका, सणासुदीचा मोरपंखी कुर्ता घालून आणि हातात चिवड्याचा डबा घेऊन उभी होती. शाळेकडून ईमेल आला होता: लेखी कामासंदर्भात पालकांसह संभाषण. शमिकाने तो दोनदा मनात वाचला होता आणि तिसऱ्यांदा फोनवर नवऱ्याला वाचून दाखवला होता. नागेश कंपनीच्या कामासाठी आठवडाभर श्टुटगार्टला होता.

"बक्षीस असणार," नागेश म्हणाला होता. "शाळा उगाच बोलावत नाही. मलाही पाचवीत बोलावलं होतं."

"तुला काच फोडली म्हणून बोलावलं होतं."

"ती सहावीत."

ईप्सिता तेव्हा सोफ्यावर बसून हे ऐकत होती आणि तिने काहीही दुरुस्त केलं नव्हतं. आजवर शाळेतून तिच्याबद्दल कधी तक्रार आली नव्हती. म्हणजे आली होती; मुलगी वर्गात तोंड उघडत नाही, असं दर वर्षी कुणीतरी शिक्षक काळजीने सांगायचे, आणि दर वर्षी तिचे आईबाबा ते कौतुक समजून आनंदात घरी यायचे.

"चिवडा कशाला?" तिने जर्मनमध्ये विचारलं. घरातला रिवाज असा होता की आई मराठीत बोलायची, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, आणि भांडण झालं की दोघी इंग्लिशमध्ये जायच्या.

"रिकाम्या हाताने जायचं का?" शमिका म्हणाली आणि डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं.

घोटाळा नोव्हेंबरमधला होता. फ्राऊ लांगेनबाख बारावीला इंग्लिश शिकवायच्या, आणि त्या सत्रात त्यांनी अमेरिकेचं सगळ्यात जुनं साहित्य घेतलं होतं: समुद्र ओलांडून आलेल्या पहिल्यावहिल्या वसाहतवाल्यांची प्रवचनं, रोजनिशा, कबुलीजबाब. कायझर्सलाउटर्नच्या मुलांना अमेरिकन माणूस नवा नव्हता. शहराबाहेर त्यांच्या सैन्याचा तळ होता, आणि अमेरिकन म्हणजे पार्किंगच्या दोन जागा अडवून उभी असलेली एक गाडी, हे वर्गातल्या प्रत्येकाने लहानपणापासून पाहिलं होतं. त्यामुळे हे लोक एके काळी उपाशी होते, काकडत होते आणि चोवीस तास घाबरलेले होते, ही बातमी वर्गाला पचायला जरा जड गेली.

"कशाला घाबरायचे?" फ्राऊ लांगेनबाखनी फळ्यावर खडू टेकवून विचारलं.

लांडग्यांना, हिवाळ्याला, जंगलातल्या माणसांना, असं वर्ग सांगत गेला.

"शेजाऱ्यांना," मागून योनास म्हणाला. वर्ग हसला.

"गेनाऊ, अगदी बरोबर." फ्राऊ लांगेनबाख हसल्या नाहीत. त्यांनी ते फळ्यावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलं. "सगळं देव बघतो, अशी त्यांची श्रद्धा होती. पण देवाच्या वतीने प्रत्यक्ष बघायचं काम शेजारी करायचे."

मग परीक्षेऐवजी त्यांनी एक काम दिलं. पहिला हिवाळा: वसाहतीतल्या एका बाईची रोजनिशी. इंग्लिशमध्ये, बाराशे शब्द, तीन आठवडे. सोबत सही करून द्यायचा एक कागद: हे मी स्वतः लिहिलं आहे, दुसऱ्या कुणाचं काही घेतलं असेल तर त्याचा उगम दिला आहे. जर्मन शाळेत या कागदाला मजकुरापेक्षा जास्त मान असतो.

अडीच आठवड्यांत ईप्सिताने एक नोंद लिहिली: आज थंडी आहे. दुसऱ्या दिवसाची नोंद होती: आजही.

त्या शनिवारी ती इमारतीच्या तळघरात गेली. तिथे प्रत्येक बिऱ्हाडाला जाळीचा एक कोंडवाडा मिळतो, आणि लागत नाहीत पण टाकवतही नाहीत अशा वस्तू लोक त्यात कुलपात ठेवतात. तिला जुने स्नोबूट हवे होते. बुटांच्या खोक्यात, बुटांच्याही खाली, पुठ्ठ्याच्या पाठीची एक वही निघाली. देवनागरी तिला येत होती. आजीने व्हिडिओ कॉलवर शिकवली होती. पण बोट ठेवून, जोडाक्षरापाशी थांबत थांबत. पहिलं पान संपेपर्यंत तळघरातला आपोआप विझणारा दिवा चार वेळा विझला.

वही आईची होती. दोन हजार आठच्या ऑक्टोबरपासून पुढच्या मार्चपर्यंतची. शमिका तेव्हा सव्वीस वर्षांची होती, वर्षाच्या ईप्सिताला कडेवर घेऊन नागेशमागोमाग इथे आली होती, आणि या देशात तिच्या ओळखीची तीन माणसं होती. त्यांतलं एक नुकतं चालायला शिकत होतं.

वहीत सगळ्याची भीती होती. जिन्यात लावलेल्या नियमांच्या यादीची. पत्रपेटीतल्या पिवळ्या सरकारी पाकिटाची. परदेशी नागरिकांच्या कचेरीतल्या चार नंबरच्या खिडकीची. कचऱ्याच्या चार रंगांच्या डब्यांची. आणि सगळ्यांत जास्त, खालच्या मजल्यावरच्या बाईंची. त्यांचं नाव शमिकाने कुठेही लिहिलं नव्हतं. त्या फक्त 'खालच्या बाई' होत्या, आणि दुपारी एक ते तीन या शांततेच्या वेळात वर चमचा जरी पडला तरी त्या काठीने छत ठोकायच्या.

ईप्सिताने वही कोटाच्या आत घालून वर आणली. चोरी करायचा विचार नव्हता. निदान पहिल्या मजल्यापर्यंत तरी नव्हता.

काम सोपं निघालं. आधी सगळं इंग्लिशमध्ये आणलं, मग फक्त नामं बदलली. परदेशी नागरिकांच्या कचेरीचा गव्हर्नर झाला. पिवळ्या पाकिटाचा हुकूमनामा झाला. 'आज आईचा फोन लागला नाही' याचं 'आजही जहाज दिसलं नाही' झालं. नागेश कामावरून रात्री आठला यायचा, तो शिकारीहून यायला लागला, आणि मूळ वहीतल्यासारखाच, येताना दूध विसरायला लागला. तेवढं तिने खोडलं. 'कचरा चुकीच्या डब्यात गेला, त्यांनी तो आणून आमच्या दारात ठेवला' या वाक्यात तिने कचऱ्याच्या जागी पाप घातलं आणि डब्याच्या जागी हृदय. फ्राऊ लांगेनबाखनी पुढे या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

राहता राहिल्या खालच्या बाई. त्या अठ्ठावीस वेळा आल्या होत्या. ईप्सिताने कॉम्प्युटरला सांगितलं, 'खालच्या बाई' शोध आणि तिथे 'लांडगा' घाल. कॉम्प्युटरने एका सेकंदात घातला. मग लांडगा शनिवारी जिना पुसायला लागला, दारावर चिठ्ठ्या चिकटवायला लागला, पडद्याआडून बघायला लागला. ती वाक्यं तिने एकेक करून काढली. पडद्याचं ठेवलं, फक्त पडद्याची झुडपं केली.

शेवटी शब्द मोजले तर ऐंशी कमी भरले.

वहीतलं एक पान तिने बाजूला ठेवलं होतं. ते तिने एकदा वाचलं होतं आणि वही मिटून बराच वेळ भिंतीकडे पाहत बसली होती. त्यात नामं बदलायची फारशी गरजही नव्हती. दोन तास तिने खोलीत फेऱ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काम द्यायचं होतं. तिने ते पान घातलं, खालच्या बाईंचा पुन्हा एकदा लांडगा केला आणि परत वाचून पाहिलं नाही. बाराशे चार शब्द भरले. तिने सही केली.

वही बुटांखाली परत गेली. आणि तेव्हापासून ईप्सिता दोन वेगवेगळ्या भीती घेऊन वावरत होती. पहिली सरळ होती: उगम लपवला म्हणजे फसवणूक, फसवणूक म्हणजे शून्य, आणि मुख्य विषयात शून्य म्हणजे वर्ष पुन्हा. ही भीती कुणालाही सांगता आली असती. दुसरी अशी होती की एक दिवस शाळेत बोलावतील, आई शेजारच्या खुर्चीत बसेल, आणि कुणीतरी ते पान मोठ्याने वाचेल.

बसमध्ये शमिकाने डबा मांडीवर घेतला.

"बक्षीस देताना फोटो काढतात का गं?"

"आई, बक्षीस नाहीये."

"बरं."

"खरंच नाहीये."

"बाबा म्हणालाच, तू असं म्हणशील म्हणून."

ईप्सिताने खिडकीच्या काचेवरच्या वाफेकडे पाहिलं. शाळा सहा थांबे दूर होती. तिने ठरवलं, पुढच्या थांब्यापर्यंत सांगायचं. मग त्याच्या पुढच्या. तिसऱ्या थांब्यावर एक तरुण बाई बाबागाडी घेऊन चढली आणि आतलं बाळ रडायला लागलं. चांगलं, पोटापासून. दोन आजोबांनी मागे वळून पाहिलं. बाई वाकून त्याला शूः शूः करत होती, तिची मान लाल झाली होती.

शमिका पुढे झुकली.

"रडू द्या त्याला," ती जर्मनमध्ये म्हणाली. "काही होत नाही. बस आहे ही."

बाईने मान वर करून पाहिलं. शमिका आजोबांकडे बघत होती, आणि ते दोघे समोर बघायला लागेपर्यंत तिने नजर हलवली नाही.

ईप्सिताने उघडलेलं तोंड मिटलं. उरलेले तीन थांबे ती आपल्या बुटांकडे बघत बसली.

फ्राऊ लांगेनबाख रिकाम्या वर्गात वाट बघत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, आखूड केसांच्या, हात मिळवताना समोरच्याचं नाव घेणाऱ्या. 'कारखानीस' हे आडनाव त्यांनी चार तुकड्यांत उच्चारलं, पण सगळे तुकडे उच्चारले. टेबलावर ईप्सिताची रोजनिशी होती, पेन्सिलच्या रेघांनी भरलेली, आणि तिच्या शेजारी सहीचा कागद.

शमिकाने डबा पुढे सरकवला. "घरी केलेला आहे."

"फार छान. पण मला भेट घेता येत नाही. सरकारी नोकर आहे मी."

"नुसता चिवडा आहे."

"त्याबद्दल वेगळं परिपत्रक निघालं नसेल, हे मान्य." फ्राऊ लांगेनबाखनी डबा टेबलाच्या बरोबर मध्यावर, कुणाचाच नाही असा ठेवला. "आल्झो, तर. आधी चांगलं सांगते. सव्वीस वर्षं शिकवतेय, असं लिखाण माझ्याकडे आलेलं नाही."

शमिकाने ईप्सिताकडे पाहिलं. बघ, असं ते पाहणं होतं.

"वाईट बाजूही तीच आहे," फ्राऊ लांगेनबाख म्हणाल्या.

त्यांनी क्रमाने सांगितलं. सगळी कामं त्यांनी आधी, मजकूर यंत्राने लिहिलाय का ते ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तपासली होती. ईप्सिताचं काम माणसाने लिहिलेलं आहे, असा निकाल आला. "तिथेच मला संशय आला. वर्गात बाकी कुणाबद्दल ते तसं म्हणालं नाही." मग दोन शनिवार-रविवार त्यांनी जुन्या वसाहतींच्या कागदपत्रांत ही वाक्यं शोधली. सापडली नाहीत. मग त्यांनी बॉस्टनजवळच्या एका निवृत्त प्राध्यापकांना दोन पानं पाठवली, ओळख न सांगता. चाळीस मिनिटांत उत्तर आलं. बाई समुद्रकिनाऱ्यावरची नाही, आतल्या मुलखातली आहे, काळ साधारण सोळाशे ऐंशी, आणि हस्तलिखित कुठल्या संग्रहात आहे ते कृपया कळवावं.

"काठीने ठोकणाऱ्या लांडग्यावर त्यांना स्वतंत्र लेख लिहायचा आहे," फ्राऊ लांगेनबाख म्हणाल्या. "असा लांडगा त्यांनी चाळीस वर्षांत पाहिलेला नाही."

ईप्सिताला घेरी येईल असं वाटलं आणि आली असती तर बरं झालं असतं. आली नाही.

"काठीने?" शमिका म्हणाली.

"तेच. लांडगे काठीने ठोकत नाहीत, फ्राऊ कारखानीस. म्हणजे या मजकुराच्या खाली दुसरा मजकूर आहे. ईप्सिता, हे तू स्वतः लिहिलंस का?"

ईप्सिता सहीच्या कागदाचा कोपरा बोटाने सरळ करत राहिली. वर्गात मागच्या बाकावर बसून बारा वर्षं जे जमत आलं होतं, ते आत्ताही जमत होतं.

"कुणाकडून तरी घेतलं असशील तर आत्ता सांग. उद्या मला हे वर कळवावं लागेल, आणि मग शून्य. मी देत नाही ते, नियम देतो. वर्ष जाईल तुझं." त्या थांबल्या. मग त्यांनी शेवटचं पान काढलं. "फक्त हे कुठून आलं, तेवढं सांग."

"ते वाचू नका," ईप्सिता म्हणाली. "प्लीज."

पण फ्राऊ लांगेनबाख शिक्षिका होत्या आणि पान हातात आलं की वाचायची त्यांना सवय होती. त्यांनी ते सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत वाचलं.

"दुपारी बाळ रडायला लागलं. दात येत होते. लांडग्याने काठीने ठोकलं. मी बाळाला घेऊन कपाटाआड बसले. ते थांबेना. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. लांडगा थांबला. मग बाळही थांबलं. माझा हात तिथेच होता."

बाहेर पटांगणात कुणीतरी सायकलचं कुलूप उघडत होतं. शमिकाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही. ते तसंच राहिलं, आणि त्यामागून बाकीचं सगळं निघून गेलं. टेबलावरचे दोन्ही हात तिने खाली मांडीवर घेतले, जिथे ते कुणाला दिसणार नाहीत.

"मला बघू," ती म्हणाली.

तिने पान घेतलं. सात-आठ ओळी होत्या. ती वाचत राहिली. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा दोनदा पुढे सरकला तरी वाचत राहिली. ईप्सिता श्वास किती आत घ्यायचा आणि किती बाहेर सोडायचा, हे एकेक करून ठरवत होती, कारण आपोआप होणं थांबलं होतं.

"मला शिक्षा करायची हौस नाही," फ्राऊ लांगेनबाख म्हणाल्या, आता हळू. "पण तुम्हीच सांगा. सतरा वर्षांची मुलगी. अशी गोष्ट तिला सुचत नाही. वाचून, ऐकून, कुठून तरी घ्यावीच लागते. तिला हे माहीत कसं?"

शमिकाने पान टेबलावर ठेवलं.

"ती होती तिथे," ती म्हणाली.

"कुठे?"

शमिकाने एक हात वर काढला आणि बोट पानावर ठेवलं. 'बाळ' या शब्दावर. बोट तिथून हललं नाही.

फ्राऊ लांगेनबाखनी बोटाकडे पाहिलं, मग ईप्सिताकडे, मग पुन्हा बोटाकडे. चष्मा काढला आणि पुसायचा होता हे विसरून तसाच परत घातला.

"आणि लांडगा?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या मजल्यावर राहायच्या," शमिका म्हणाली. "गेल्या आता. मी गेले होते स्मशानात. अजून दोघंच जण आले होते."

मग फ्राऊ लांगेनबाख उठल्या, कपाटातून एक कोरा कागद काढला आणि ईप्सितासमोर ठेवला. त्यांचा आवाज पुन्हा नियमांचा झाला होता, पण घाईघाईने झाला होता.

"उगम न देणं ही फसवणूक आहे. उगम दिला, भाषांतर म्हणून सांगितलं, तर ते भाषांतर आहे. गुण कमी होतील. बरेच. पण शून्य नाही. इथे लिही: कुणाचं, काय, कुठलं, कधीचं. प्राध्यापकांना मी काय कळवायचं ते बघते." दारापाशी त्या थांबल्या. "मी कॉफी घेऊन येते. मशीन खालच्या मजल्यावर आहे. वेळ लागतो तिला."

दार लागलं.

ईप्सिताने पेन उघडलं, मिटलं, उघडलं. आई तिच्याकडे बघत नव्हती. भिंतीवर वसाहतींचा नकाशा होता, शमिका त्याच्याकडे बघत होती, जणू तिथे जायची गाडी किती वाजता आहे ते शोधतेय.

"कधी वाचलीस?"

"नोव्हेंबरमध्ये. तळघरात."

"सगळी?"

"मला भरभर येत नाही वाचता."

"म्हणजे सगळी."

"हो."

नकाशावर एक छोटं जहाज काढलेलं होतं. शमिकाने त्याच्यापर्यंत नजर नेली आणि परत आणली.

"बाबाला माहीत नाहीये."

"मी नाही सांगणार."

"तुला..." शमिका म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिने गिळलं. तिची मान एकदा वळली, अर्ध्यावर थांबली. "लिही. ती बाई येईल."

ईप्सिताने लिहायला सुरुवात केली. अक्षर वाकडं येत होतं. लेखिका: शमिका कारखानीस.

"लेखिका काय," शमिका पुटपुटली.

"असंच लिहितात. कामाचं नाव काय लिहू?"

"कसलं नाव. वहीला नाव असतं का?"

"काहीतरी लागतं."

"'वही' लिही."

तिने वही लिहिलं. अप्रकाशित. भाषा मराठी. स्थळ कायझर्सलाउटर्न. मग पेन थांबलं. ती पहिल्यांदा मराठीत बोलली, शब्द शोधत, चुकीच्या ठिकाणी जोर देत.

"आई, त्या पानावर तारीख नाहीये. बाकी सगळ्यांवर आहे. त्याच्यावर नाही."

शमिका नकाशाकडेच बघत होती.

"सत्तावीस जानेवारी," ती म्हणाली. "दोन हजार नऊ. मंगळवार."

ईप्सिताने लिहिलं.

"दुपारी दोन वाजून दहा मिनिटं."

"वेळ लिहीत नाहीत, आई. फक्त तारीख."

"लिही."

ईप्सिताने तारखेपुढे स्वल्पविराम दिला आणि लिहिलं, चौदा वाजून दहा, जर्मन पद्धतीने. शमिका नकाशापासून वळली, कागदावर झुकली आणि आकडा बरोबर आहे ना ते बघायला लागली. तिचा खांदा ईप्सिताच्या खांद्याला टेकला आणि तसाच राहिला. बाहेर फ्राऊ लांगेनबाखची पावलं कॉरिडॉरमधून दारापर्यंत आली, तिथे थांबली, आणि पुन्हा जिन्याकडे गेली.